सूचना : रविवारी पणजोबांचा गणवेश पाहायला या

सभासदांनो, नमस्कार.

रविवार, ८ नोव्हेंबरला दुपारी ३ वाजता आमच्या घरी जमायचं आहे. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचा पहिल्या महायुद्धातला गणवेश पेटीतून बाहेर काढणार आहोत. वर्षातून एकदाच काढतो.

पणजोबा सिसिलीहून न्यूयॉर्कला आले, आणि तिथूनच सक्तीच्या भरतीत अमेरिकी सैन्यात गेले. त्यांची ७७ वी डिव्हिजन १९१८ च्या शरदात फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात लढली. खांद्यावर निळ्या कापडावरचा स्वातंत्र्यदेवीचा बिल्ला आहे. बोटीतून उतरताना पाहिलेली तीच मूर्ती! डाव्या बाहीवरची लाल पट्टी म्हणजे सन्मानाने सैन्यातून मोकळं केल्याची खूण. दुसरं बटण मात्र साधं, तपकिरी आहे. ते पणजीने शिवलेलं. मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं.

काही विनंत्या :

• गणवेशाला हात लावू नका. लोकर शंभरीपार आहे, कोपरापाशी कसर लागलेली आहे.
• फोटो काढा, पण फ्लॅश बंद ठेवून.
• चहा-खाणं स्वयंपाकघरातच. मुलांनाही आधीच सांगून ठेवा.
• ज्यांच्या घरी मराठा पलटणीतल्या आजोबा-पणजोबांचा फोटो, पदक, पत्र असेल त्यांनी जरूर आणावं. त्याच युद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) आपलीही माणसं लढली होती.
• जुने कपडे टांगून ठेवू नयेत, खांदे फाटतात. आम्ही आम्लविरहित कागदात गुंडाळून आडवे ठेवतो. कसं ते त्या दिवशी दाखवेन.

खोली लहान आहे, म्हणून किती जण येणार ते गुरुवारपर्यंत मला कळवा.