मॉन्गूज म्हणजे आपलंच मुंगूस, एवढं तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत रोज एक इंग्रजी शब्द येतो, आमच्यातली पोरं तो कापून वहीत चिकटवतात, सदर चांगलंय. परवा मॉन्गूज आला. अर्थ मुंगूस, खाली एक वाक्य, झालं. अहो पण हा शब्द इंग्रजांनी मराठीतनंच उचललाय, ते कुठं गेलं? सतराव्या शतकात त्यांच्या वखारी इकडं किनाऱ्याला होत्या, त्यांच्या मुलखात हे जनावरच नाही मग नाव कुठनं असणार, इथली माणसं म्हणायची तेच नेलं आणि बोलता बोलता मागं त्यांच्या गूज पक्ष्याचं शेपूट लागलं. आता गूजचं अनेकवचन गीज, म्हणून पोरं मॉन्गीज लिहितात आणि मार्क घालवतात. पक्ष्याचा काही संबंधच नाही त्यामुळं मॉन्गूजेस होतं, हे एकदा कळलं की पाठ कशाला करायला लागतंय.

अर्थात आपणही लई छाती फुगवायला नको. जतकडची कानडी बोलणारी माणसं मुंगुसी म्हणतात, तेलुगूतही जवळपास तसंच, म्हणजे आपल्याकडं तो तिकडनंच आला असावा. संस्कृतातलं नकुल वेगळंच.

आणि ऊसवाल्यांसाठी एक गंमत. जमैकात उंदरांनी ऊस कुरतडून वाट लावली म्हणून 1872 मध्ये एका मळेवाल्यानं कोलकात्याहून नऊ मुंगसं मागवली. सुरवातीला उंदीर कमी झाले म्हणून सगळे खूश, मग 1883 मध्ये तिथनंच हवाईलाही नेली. पण उंदीर फिरतो रात्री आणि मुंगूस शिकार करतं दिवसा, कसं जमायचं? त्यांनी पक्ष्यांची अंडी, पिल्लं, कोंबड्या, दिसेल ते हाणलं. जपाननं तर अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये साप मारायला सोडली होती, सापांना फार काही झालं नाही, तिथले दुर्मिळ काळे ससे मात्र संपायला आले. मग वर्षानुवर्षं सापळे लावून 2024 मध्ये जाहीर केलं की आता बेटावर एकही मुंगूस उरलं नाही. आपल्याकडं बांधावर दिसलं की चांगलं म्हणतो, पोरं रामाची शपथ घालून तोंड दाखव म्हणतात, आणि इथंच रंगाच्या ब्रशला केस पाहिजेत म्हणून चोरून मारतातही, कायद्यानं बंदी असून.

तर अर्थाखाली शब्द कुठनं आला ह्याची एक ओळ देत चला, जागा नसेल तर ते वाक्य काढा, तसंही कुणी वाचत नाही. शॅम्पू, लूट, बंगला, पायजमा सगळे इकडनंच गेलेत, महिनाभर पुरतील.

आणि परवाचा फोटो मुंगसाचा नव्हता. दोन पायांवर ताठ उभा होता तो मीरकॅट, आहे मुंगसाच्याच भावकीतला पण राहतो आफ्रिकेत. आपलं मुंगूस पाहिजे असेल तर फोटोग्राफरला सकाळी आमच्या उसाकडं लावून द्या.

आपला,
एक वाचक, पलूस (जि. सांगली)