झडप वाचली तर उत्तम, नाही वाचली तरी तयारी हवी : मदतीचे आवाहन

सोलापूरकरांनो,

आपल्या पेठेतल्या 22 वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या मायट्रल झडपेला (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) जंतुसंसर्ग झाला आहे. नाव आणि फोटो मुद्दाम देत नाही. लग्नाचं वय आहे, पेठ लहान आहे. ज्यांना ओळख पटेल त्यांनी मनातच ठेवावी.

दीड महिना ताप येत-जात होता आणि टायफॉईड समजून गोळ्या चालू होत्या. आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं की रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) जंतू सापडणं अवघड होतं. इथेही तिसऱ्या वेळी सापडला. लहानपणी सांधे सुजून वातज्वर झाला होता, तेव्हाच झडप जराशी खराब झाली होती. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर 21 दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन दहावीनंतर सुटलं. आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, वडील यंत्रमागावर रात्रपाळीला. इंजेक्शनच्या तारखा कोण लक्षात ठेवणार होतं?

आता एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेच्या पडद्यावर 13 मिलिमीटरचा जंतूंचा पुंजका दिसतोय, शेजारी छिद्र आहे. 10 मिलिमीटरच्या वरचा पुंजका तुटून रक्ताबरोबर मेंदूत जाण्याची भीती जास्त, मग पक्षाघात. झडपेतून रक्त मागे गळतं, त्या गळतीमुळे फुफ्फुसात पाणी साचतंय, पोरगी रात्रभर भिंतीला टेकून बसते. शिरेतून द्यायच्या औषधाचे सहा आठवडे संपेपर्यंत थांबायची सोय नाही. औषध चालू ठेवूनच पुण्याला ऑपरेशन करायचं आहे.

मंडळाच्या बैठकीत एकाने विचारलं, नवी झडप टाकून एकदाचं मोकळं का होत नाही? रास्त प्रश्न आहे. धातूची झडप टिकते खूप, आणि आपल्याच देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली झडप 1990 पासून रुग्णांना बसवली जाते आहे. पण ती बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि रक्त किती पातळ आहे ते बघायची आयएनआर तपासणी सतत. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. उद्या दिवस राहिले तर त्याच गोळीने बाळाला धोका. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी कायम लागत नाही, पण ती साधारण 10 ते 15 वर्षं चालते, तरुण वयात त्याहून लवकर खराब होते. म्हणजे चाळिशीच्या आत पुन्हा छाती उघडायची.

म्हणून सर्जन आधी दुरुस्ती करून बघणार आहेत. आईने त्यांना विचारलं, "म्हणजे रफू करणार काय हो?" जवळपास तसंच. कुजलेला भाग कापून काढायचा, हृदयाभोवतीच्या पिशवीचाच तुकडा घेऊन छिद्र बुजवायचं, झडपेचा घेर कडं बसवून आवळायचा. स्वतःची झडप राहिली तर हृदयाची ताकद चांगली टिकते आणि पुन्हा संसर्ग होण्याचा धोकाही कमी राहतो.

पण वातज्वराने जाड झालेला पडदा दरवेळी टाके धरतोच असं नाही. छाती उघडल्यावरच कळणार. टाके घालून हृदय चालू करतात, अन्ननलिकेतून एको करतात. गळती राहिली तर हृदय पुन्हा थांबवून नवी झडप. तसं झालं तर वेळही जास्त जातो आणि रक्तही जास्त लागतं. आम्ही मागतोय ते या दोन्ही शक्यता धरून.

ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजूर झाला आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. आधीच्या तपासण्या आणि औषधांची उधारी, पुण्याला न्यायची ॲम्ब्युलन्स, आई-वडिलांचं तिथलं राहणं-जेवण, घरी आल्यावरची औषधं आणि दोघांचाही बुडालेला रोज, असे 1,40,000 रुपये उभे करायचे आहेत. पेठेतून 38,500 जमले. त्यात वळून मिळालेल्या मजुरीतले दहा-दहा रुपये देणाऱ्या बाया आहेत.

रक्तदाते 10 हवेत, गट कोणताही चालेल. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं, तिकीट मंडळ काढेल. गेल्या तीन महिन्यांत (बायकांनी चार महिन्यांत) रक्त दिलं असेल त्यांनी या खेपेला राहू द्या.

मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 7 ते 9 कुणीतरी बसलेलं असतं. हिशोबाची वही टेबलावर उघडी आहे, रुग्णालयाची कागदपत्रं खातरजमेसाठी तिथेच बघा. फोटो मात्र काढू नका. रक्कम दहाची असो की दहा हजारांची, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.