तेल संपलं ती रात्र

प्रिय बंड्या,

दोन वर्षांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. शिव्या घाल, पण आधी हे वाच. घरी सगळे बरे, माझं बीपी गोळीवर.

परवा मळणी यंत्रात हात सापडलेला पोरगा आला. नेहमीप्रमाणे जखमेत जंतू मारायला हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायला गेलो, तर बाटली रिकामी. सलाइननंच भरपूर धुतलं, ड्रेसिंग केलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चारला उठून वॉर्डात गेलो. पोरगा गाढ झोपलेला. मला तुझा पारे आठवला, तो जुना फ्रेंच सर्जन!

होस्टेलच्या गच्चीवर तू त्याच्याबद्दल सांगायचास आणि मी ‘पेपरात येणार आहे का?’ म्हणून खेकसायचो. तीन दिवसांचा तो अबोला मेसच्या खिरीनं सुटला होता. काल पुन्हा वाचलं. 1536-37 ची फ्रेंचांची तुरिनची मोहीम. आंब्रवाज पारे तेव्हा पंचविशीतला, न्हावीकामासोबत शस्त्रक्रिया करणाऱ्या न्हावी-शल्यवैद्यांतला, लॅटिन न येणारा. बंदुकीच्या दारूनं जखमेत विष भिनतं, एल्डर या झाडाचं उकळतं तेल ओता, असं इटालियन सर्जन व्हिगोच्या ग्रंथात होतं. बाकीचे सर्जन तेच करत होते. याचं तेल संपलं. मग उरलेल्या जखमींना अंड्याचा बलक, गुलाबतेल, टर्पेंटाइन यांचा लेप लावला. हे विषानं मरतील या धास्तीनं झोप नाही, पहाटेच बघायला गेला. लेपवाल्यांना ठणका कमी, सूज नाही, रात्र बरी गेलेली. तेलवाले तापानं फणफणलेले, जखमांच्या कडा सुजलेल्या. पुन्हा कुणाला असं भाजायचं नाही, हे त्यानं ठरवलं. 1545 मध्ये पुस्तक लिहिलं, तेही फ्रेंचमध्ये.

एका पोरावरून काय ठरतं, म्हणशील. खरं आहे. पण पेरॉक्साइड चांगल्या पेशींनाही मारतं, हे कधीच छापून आलेलं होतं. मी वाचलं नाही. बावीस वर्षं ओतत राहिलो. फेस आला की ‘घाण निघतेय’ म्हणून धीर द्यायचो. एका बाईनं पदर दातांत धरला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ज्या सरांनी शिकवलं त्यांनी मायेनंच शिकवलं. त्यांच्यावर रागावताही येत नाही. पारेनंही आधी काहींच्या जखमांत तेल ओतलंच होतं. त्यांचे चेहरे त्याला आठवत असतील का रे?

काकूंचा गुडघा कसा आहे? चिऊला बारावीबद्दल शाब्बासकी, पेढे उधार.

तू पेरॉक्साइड कधी थांबवलंस? आणि आधीच्या पेशंटांचं काय केलंस मनात? फोन नको करूस, लिही.

तुझाच,
बाळ्या