रंगाचं बिल आणि घरपट्टीची पावती

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर मागांच्या खडखडाटात अर्धं ऐकूच येत नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, भाड्याने दिलेल्या वरच्या मजल्याच्या रंगाचं बिल कारखान्याच्या फायलीत लावू नका. गवंडी, प्लंबर, नळाची तोटी, सगळं त्याच फायलीत कोंबायची तुमची जुनी सवय. पण करासाठी तुम्ही खर्चाचा हिशोब न देता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवता, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६. डागडुजी, वीज, इमारतीच्या झिजेपोटीचा घसारा त्यात धरलेलाच असतो. वेगळा रुपयाही वजा होत नाही.

भाड्याचंही तसंच. ते धंद्यात मिसळू नका, घरभाडं म्हणून वेगळं दाखवा. महिना ७,००० म्हणजे वर्षाचे ८४,०००. त्या मजल्याच्या वाट्याची घरपट्टी समजा ४,०००, उरले ८०,०००. त्यातले ३० टक्के, म्हणजे २४,००० सरसकट सुटतात, वर्षभरात एक खिळा ठोकला नसला तरी. करासाठी धरायचे ५६,०००. रंगाला पन्नास हजार गेले तरी आकडा तोच! जपायची ती महापालिकेची पावती, आणि पैसे ३१ मार्चच्या आत भरलेले हवेत. नुसतं बिल आलेलं चालत नाही. यंदाचं भरलंत ना?

आपण राहतो त्या मधल्या मजल्याचं उत्पन्न शून्यच धरतात. आणि तळमजल्याचं भाडं कारखान्याकडून स्वतःलाच घ्यायची युक्ती कुणी सुचवली? जागा तुमची, धंदाही तुमचाच. आपणच आपले भाडेकरू कसे होणार?

नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, मग कशाला एवढा कुटाणा, असं म्हणाल. पण यंदा टॉवेलच्या ऑर्डरमुळे तुम्ही अगदी काठावर आहात. ३० टक्क्यांची ही सूट नव्या पद्धतीतही मिळते, ती सोडू नका.

आई, भाडं तुझ्या खात्यात येतं ते तसंच येऊ दे. घर बाबांच्या नावावर, म्हणून कर त्यांच्या नावावर लागेल, तुझ्या नाही. पैसे मात्र तुझेच, बाबांना सुतासाठी उसने देऊ नकोस. गेल्या वर्षीचे अजून परत आले नाहीत, मला माहितीये.

पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने कुणी येणार असेल तर शेंगाचटणी पाठव. कडक भाकऱ्या अजून आहेत.

तुमची,
लेक