शिक्षकांचा वेळ मुलांना परत द्या: शालेय शिक्षण मंत्र्यांना माजी विद्यार्थ्यांचं खुलं पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षं राज्यात माजी विद्यार्थ्यांचे मेळावे फार भरू लागले आहेत. सातवीची, दहावीची बॅच एकमेकांचे नंबर शोधत व्हॉट्सॲपवर जमते, मग एखाद्या रविवारी जुन्या गुरुजींना आणि बाईंना बोलावून शाळेतच एकत्र येते. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या बॅचचाही असा मेळावा झाला. तिथं जे बोललं गेलं ते आपल्या कानावर घालावं असं आम्हाला वाटलं, कारण त्याचा आपल्या खात्याच्या कारभाराशी थेट संबंध आहे. आम्ही इमारतीसाठी निधी मागत नाही, स्मार्ट टीव्ही मागत नाही. मागणी एकच आहे, पण ती पटायची तर आधी या आठवणी ऐकून घ्याव्या लागतील.

आमच्यातल्या एकीनं तिसरीची शुद्धलेखनाची वही अजून जपून ठेवली आहे. मेळाव्याला ती घेऊन आली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत बाईंची सही आणि तारीख. तेवढं सगळ्याच वह्यांत असतं. पण या वहीत सहीच्या वर बारीक अक्षरात एकेक ओळ आहे. ‘ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. जोडाक्षरं अजून घाईत.’ पुढच्या पानावर, ‘कालच्यापेक्षा छान. इथे पोटफोड्या ष हवा.’ एका पानावर तर चूक खोडलेलीच नाही. शब्दाखाली नुसतं टिंब दिलंय आणि शेजारी लिहिलंय, ‘तूच शोध.’ खाली तिनं शोधून पुन्हा लिहिलेला शब्द आणि त्यावर बरोबरची खूण. वही हातोहात फिरली. आमचा वर्ग खच्चून भरलेला असायचा. एवढ्या वह्यांत रोज असं लिहायला बाईंना किती वेळ लागत असेल, हा हिशेब तेव्हा कोणाच्या मनातही आला नव्हता. आता आपापल्या मुलांच्या वह्या बघताना तो आपसूक होतो.

दुसरी आठवण एका मैत्रिणीनं सांगितली. ती पाचवीत असताना तिची आई खुरपणीला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला हिला घरी ठेवायचे. बरेच दिवस ती शाळेत दिसली नाही, तेव्हा गुरुजी शाळा सुटल्यावर सायकल मारत तिच्या घरी गेले. मुलीला शिकवणं किती गरजेचं आहे वगैरे काही त्यांनी वडिलांना ऐकवलं नाही. एवढंच विचारलं, ‘धाकट्याला बघायला दुसरं कोण आहे?’ कोणीच नव्हतं. ‘मग त्याला घेऊनच येऊ दे.’ दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा वर्गाच्या मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसू लागला. रडायला लागला की ही उठून त्याला बाहेर न्यायची, आणि ती परत येऊन बसेपर्यंत गुरुजी फळ्यावर नवं उदाहरण घ्यायचे नाहीत. आम्ही सगळे त्या वर्गात होतो, पण ही गोष्ट फक्त तिच्या लक्षात आली होती. आज ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. गुरुजी समोरच बसले होते आणि हे थांबण्याचं सांगताना तिचा कंठ दाटून आला.

अशा आणखी कितीतरी. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलाच्या बारीक झालेल्या डोळ्यांवरून ओळखून त्याला पुढच्या बाकावर आणणाऱ्या बाई. चौथीच्या स्कॉलरशिपचे जादा तास एक पैसाही न घेता घेणारे सर. गणिताचं उत्तर चुकलं की ‘हे कसं काढलंस ते सांग’ म्हणून शांतपणे ऐकून घेणारे आणि चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते मुलालाच सापडू देणारे गुरुजी.

इथं एक सांगितलंच पाहिजे. अशा मेळाव्यांत छडीच्या आठवणीही निघतात आणि लोक त्या हसत हसत सांगतात. आम्हाला त्यांचं कौतुक वाटत नाही. छडीच्या धाकानं शाळा सोडलेली मुलं मेळाव्याला येत नाहीत, म्हणून त्यांची बाजू तिथं ऐकू येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, हे फार चांगलं झालं. आमच्या मनात घर करून राहिलेले शिक्षक छडीमुळे राहिलेले नाहीत.

महोदय, या आठवणी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. यातली एकही गोष्ट शाळेच्या वेळापत्रकात नव्हती. वहीतली ती एक ओळ, संध्याकाळची सायकल, जादा तास, मुलाचं चुकीचं उत्तर पूर्ण ऐकून घेणं, हे सगळं शिक्षकाकडे उरलेल्या वेळातून आलं. आणि तेव्हा वेळ उरत होता.

मोठ्या माणसांच्या शिक्षकांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या मुलांना ते आठवत राहिले ते वर्गातल्या तासांइतकेच वसतिगृहातल्या सहवासासाठी. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. रोज! कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते आणि भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. म्हणजे भीमराव त्यांच्या शाळेचे विद्यार्थीही नव्हते. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा केळुसकरांना दिसला आणि त्यांनी त्याची चौकशी केली, ओळख वाढवली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे पैशाअभावी कॉलेज अडण्याची वेळ आली तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचाच पुढाकार होता. कोणत्या हजेरीपटावर, कोणत्या अहवालात याची नोंद झाली असती?

तिकडे अल्जीरियात लुई जर्मेन नावाच्या प्राथमिक शिक्षकानं एका गरीब, वडील नसलेल्या मुलाला शाळा सुटल्यावर शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी फुकट शिकवलं. त्यानं लगेच कमवायला लागावं असं आजीला वाटत होतं, तर घरी जाऊन तिचीही समजूत काढली. त्या मुलाला, आल्बेर काम्यूला, १९५७ साली साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा त्यानं आईच्या पाठोपाठ आठवण काढली ती या शिक्षकाची आणि त्यांना कृतज्ञतेचं पत्र लिहिलं.

आता आजच्या शिक्षकाचा दिवस पाहा. आमच्या बॅचमधले काही जण स्वतः जिल्हा परिषद शाळांत शिकवतात. जुन्या शिक्षकांवर सगळे भरभरून बोलत होते तेव्हा हे गप्प होते. नंतर त्यातला एक म्हणाला, ‘आमची मुलं वीस वर्षांनी आमच्याबद्दल काय सांगतील? सर कायम मोबाईलमध्ये असायचे.’ त्यानं आम्हाला आपला फोन दाखवला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर सकाळी सव्वाअकराला आलेला संदेश: ‘अतितातडीचे. सोबतच्या लिंकवर माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.’ त्याखाली दुसरी लिंक. त्याखाली कुठल्याशा दिनाच्या कार्यक्रमाचे फोटो अपलोड करण्याची आठवण. त्याची शाळा द्विशिक्षकी आहे. सहकारी प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की पहिली ते पाचवीचे सगळे वर्ग याच्या एकट्याकडे. अशा वेळी निरंक, म्हणजे शून्य, माहिती निरंक म्हणून कळवायची की ‘सर, माझं हे उत्तर का चुकलं?’ म्हणत आलेल्या मुलाचं ऐकायचं? उशीर झाला तर नोटीस माहितीसाठी येते. मुलाचं ऐकायचं राहून गेलं, म्हणून नोटीस कधीच येत नाही.

कायदा या शिक्षकाच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून कोणत्याही अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात पाठाची तयारी मोजली आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झालंच पाहिजे, असंही त्यात आहे. म्हणजे वही तपासणं, टाचण काढणं, मागे पडलेल्या मुलाचा विचार करणं हे शिक्षकाचं काम आहे, ते त्यानं रात्री घरी जागून करायचं नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं. मतदार याद्यांच्या कामाबाबतही सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलं आहे की ते शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी, अध्यापन नसलेल्या वेळात द्यावं. आपल्याच खात्यानं २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचं वर्गीकरण करणारा शासन निर्णय काढला. त्याबद्दल आभार. पण आमच्या मित्राच्या फोनवरचा संदेश त्या निर्णयानंतरचाच आहे.

निवडणूक, पूर, जनगणना यांना आमचा विरोध नाही. २०२७ च्या जनगणनेला शिक्षक लागणार आणि ते काम ते नीट करतील. आमचं म्हणणं रोजच्या त्या कामांबद्दल आहे ज्यांना कोणी काम मानतच नाही. पाच मिनिटांची एक लिंक, दहा मिनिटांचा एक फॉर्म, एक फोटो, एक सेल्फी. यांची बेरीज मंत्रालयात कोणी करत नाही. ती वर्गात होते.

पुरस्कारांबद्दलही थोडं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करतात. त्यामागचा हेतू चांगला आहे, शिफारशींची रांग टळते. पण आमच्या बाईंनी असा अर्ज कधीच केला नसता. आपण काही विशेष करतो आहोत असं त्यांना वाटतच नव्हतं, आणि पुरावा म्हणून जोडायला त्यांच्याकडे फोटोही नव्हते. राज्याच्या पुरस्कारासाठी तरी निवड करताना त्या शिक्षकाच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारायची सोय करा. शिक्षकाचं काम कसं होतं हे त्या वर्षीच्या तपासणीत थोडंच दिसतं. बाकीचं मुलं मोठी झाल्यावर त्यांच्याकडून कळतं.

आता मागणी. शिक्षकाचा वेळ आपण राखावा. त्यासाठी शाळेच्या वेळेत कोणत्याही अधिकाऱ्यानं शिक्षकाकडून ऑनलाइन माहिती मागवू नये, असा स्पष्ट आदेश काढा आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारला जाईल असं त्यातच लिहा. माहिती भरण्यासाठी प्रत्येक केंद्रावर एक डेटा एंट्री ऑपरेटर नेमा. एकदा दिलेली माहिती दुसऱ्या पोर्टलसाठी पुन्हा मागू नका. रिक्त जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं. ते शाळाशाळांत पाळलं गेलं तर द्विशिक्षकी शाळेत एकट्या पडलेल्या शिक्षकाला निदान श्वास घेता येईल. आणि दर महिन्याला, कोणत्या शिक्षकाचे किती तास कोणत्या अशैक्षणिक कामाला गेले आणि ते कोणाच्या आदेशानं, याचा तक्ता शाळेच्या दर्शनी फलकावर लावायला सांगा. पालक तो वाचतील. आम्हीही वाचू, आमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आणि भाचरं याच शाळांत आहेत.

यातलं पहिलं काम, शाळेच्या वेळेत माहिती न मागवण्याचा आदेश, करायला पैसा लागत नाही, भरती लागत नाही. येत्या जूनमध्ये शाळा भरण्याआधी तो निघू शकतो. या पत्राचं उत्तर आम्हाला पाठवण्याऐवजी ते परिपत्रक म्हणून थेट सगळ्या जिल्हा परिषदांना पाठवलंत तर आम्हाला जास्त आनंद होईल.

आपले नम्र,
जिल्हा परिषद शाळेचे माजी विद्यार्थी