पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र: झाडं लावायच्या आधी आम्हाला विचारा

पंकजाताई, नमस्कार.

मी एका छोट्या नगरपरिषदेच्या गावात राहते. आमचं गाव ‘माझी वसुंधरा’ अभियानात आहे, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी गावांना-शहरांना मार्क देणाऱ्या राज्य सरकारच्या अभियानात, हे मला भिंतीवरून कळलं. शाळेच्या कंपाउंडवर पेंटर भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश रंगवत होता, त्याला विचारलं तेव्हा. नंतर पोरगी शाळेतून निरोप घेऊन आली की आईबाबांच्या मोबाईलवरून ई-शपथ घ्यायची आहे. घेतली आम्ही, मनापासून घेतली.

अभियानाला माझा विरोध नाही हे आधीच सांगते. 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं, पहिल्याच वर्षी 686 स्थानिक संस्था आल्या, पुढे हजारो ग्रामपंचायती आल्या, ही मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे अर्धी वस्ती पत्र्याखाली राहते, ऊन किती वाढलंय ते आम्हाला कोणी समजवायला नको.

पण आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसचं काय झालं ते ऐका. उन्हाळ्यात बायका तिथे कुरडया-पापड वाळत घालायच्या, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट, कोणाकडे लग्न असलं की मांडवही तिथेच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक दिवस सकाळी जेसीबी आला, संध्याकाळपर्यंत तारेचं कंपाउंड झालं आणि आत घनवनाची, म्हणजे दाट लावायच्या छोट्या जंगलाची रोपं, हातभर अंतरावर एक. चौकशी केली तर म्हणे याला अभियानात मार्क आहेत, फोटो अपलोड करायची तारीख जवळ आलीय. टँकर दिवाळीपर्यंत येत होता, मग बंद. मार्चमध्ये मी तारेतून हात घालून करंजाची एक फांदी वाकवून बघितली, कटकन मोडली. शेजारच्या आजी चाळीस वर्षं इथे राहतात, त्या म्हणाल्या, ‘अगं इथे खाली नुसता मुरूम आहे, नाल्याच्या काठाला लावायची ना, तिथे मेपर्यंत ओल असते.’ एवढी एक गोष्ट कोणी त्यांना आधी विचारली असती तर झाडंही जगली असती आणि पोरांचं मैदानही राहिलं असतं.

ताई, शहरात एक झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे त्या झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. विकास आराखड्यावरही हरकती-सूचना घ्याव्याच लागतात. मग अख्खं गाव एखाद्या क्लायमेट कार्यक्रमात जाणार, त्यासाठी जागा, पैसा, माणसं लागणार, तेव्हा गावाला का नाही विचारायचं? 2009 मध्येच आपल्या राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केलीय. आमच्या वॉर्डात आजपर्यंत एकही झालेली नाही.

मोठ्या शहरांचंही तेच. मुंबईने क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅनसाठी 2021 मध्ये वेबसाइटवर सूचना मागवल्या, चांगलं केलं. पण नगरसेवकांची मुदत संपली 7 मार्च 2022 ला आणि प्लॅन जाहीर झाला 13 मार्चला, म्हणजे 2050 पर्यंत नेट झिरो करू, जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेऊ, असं शहराने सांगितलं तेव्हा महापालिकेत निवडून आलेला एकही माणूस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी राज्यातली 43 शहरं ‘रेस टू झिरो’ या नेट झिरोच्या जागतिक मोहिमेत गेली. माझी बहीण त्यातल्याच एका शहरात राहते, तिने हे नाव पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं.

आता एवढ्या वर्षांच्या प्रशासकांनंतर नगरसेवक आलेत, तर आत्ताच हे करता येईल. नगरपरिषदा मार्कांसाठी धावतात ना, मग क्षेत्रसभेलाच भरपूर मार्क ठेवा, काम सुरू व्हायच्या आधी घेतलेल्या सभेला, आणि नुसत्या फोटोवर नको, लोक काय बोलले आणि त्यातलं काय मान्य केलं ते इतिवृत्तात बघून द्या. जे मान्य केलं नाही त्याचं कारणही लिहायला लावा. ग्रामपंचायतीच्या गावांत ग्रामसभा आहेच, तिथे हा विषय अजेंड्यावर आधी जाहीर करून घ्या, आयत्या वेळचा विषय म्हणून नको.

या पावसाळ्यात आमच्याकडे परत रोपं येणार असं ऐकतेय. त्याआधी मे महिन्यात एक सभा लावायला सांगा, शक्यतो संध्याकाळी साडेसातनंतर, म्हणजे कामावरून घरी येणाऱ्या बायकांनाही जमेल. आजींना मी घेऊन येते.

आपली,
एका नगरपरिषदेतली रहिवासी