मर्यादा ठरते ठाणे अंमलदाराच्या टेबलावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभिव्यक्ती स्वातंत्र्याला मर्यादा असावी का, असली तर कुठवर, यावर आपल्या पानावर बरेच दिवस पत्रं येत आहेत. कोणी घटना समितीपासून सुरुवात करतं, कोणी लोकमान्यांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यापासून. सगळी वाचली. पण एका टेबलाचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून हा कागद खरडतोय. मी बत्तीस वर्षं पोलीस खात्यात होतो. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो. त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे पोलीस ठाण्यात आलेली फिर्याद लिहून घेणाऱ्याच्या, खुर्चीत गेली. बोलण्याची मर्यादा प्रत्यक्षात कुठे आखली जाते ते मी बघितलंय, आणि एकदा माझ्याच हाताने चुकीची आखलीही आहे.

२०१३ सालची गोष्ट. तालुक्याचं गाव, रात्रीचे साडेदहा. शंभरेक पोरं ठाण्याच्या आवारात शिरली, पुढचे आठ-दहा जण थेट माझ्या टेबलापाशी. एकाने मोबाईल पुढे सरकवला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला असलेल्या एका पोराने फेसबुकवर लिहिलं होतं की जयंतीला डीजेवर जेवढे उडवले, तेवढ्यात आपल्या आळीचं गटार बांधून झालं असतं. बस्स, एवढंच. मी दोनदा वाचलं. विचारलं, यात अवमानाचा शब्द कुठला, तेवढा दाखवा. वर्गणी गोळा करणारा मंडळाचा अध्यक्षच पुढे होता. तो म्हणाला, "शब्द काय बघताय साहेब, भावना बघा." मागच्या पोरांपैकी निम्म्यांनी मजकूर वाचलेलाच नव्हता. काहीतरी लिहिलंय एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं.

मी फिर्याद लिहून घेतली. दंड संहितेचं २९५-अ लावलं आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम. २९५-अ हे धर्माच्या अपमानाचं कलम. गटाराचा आणि धर्माचा काही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बाहेर घोषणा चढत होत्या, ठाण्यात आम्ही सहा जण होतो आणि साहेबांचा फोन आला होता, "लिहिल्यावर जमाव पांगतोय ना? मग लिहा." जमाव पांगला, फटाके लावून पांगला. पोराला घरून उचलून आणलं. सकाळी त्याचा बाप फडक्यात भाकरी बांधून आला आणि दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून होता. पोरगं दोन रात्री आत होतं. पुढे त्या गुन्ह्याला 'सी' समरी लागली, म्हणजे प्रकरण गैरसमजाचं म्हणून बंद झालं. पण त्याला तीन वर्षं गेली, आणि दुकानमालकाने त्याला कधीच कामावरून काढून टाकलं होतं.

आम्हाला अक्कल नव्हती असं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरचं प्रकरण सगळ्या खात्याने पाहिलं होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी बंद कशासाठी, असं एका तरुणीने फेसबुकवर विचारलं आणि तिच्या मैत्रिणीने त्यावर लाईक दिलं. दोघींना अटक झाली, नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर छी-थू झाल्यावर अधिकारी निलंबित झाले. हे सगळं माहीत असूनही मी लिहिलं, कारण निलंबन झालंच तर ते पुढच्या आठवड्यात, दगड मात्र त्याच रात्री पडणार होता.

आणि ती भीती खोटी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात जे पेटलं, त्यात हडपसरला एका आयटीतल्या तरुणाचा जीव गेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जून २०२३ मध्ये आमच्या कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून शहर बंद पडलं, दगडफेक झाली, इंटरनेट तोडावं लागलं. तेव्हा 'बोलण्याने कोणाचं काय बिघडतं' म्हणणाऱ्या विद्वानांनी एक रात्र तरी बंदोबस्ताला उभं राहून बघावं. मर्यादा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं भांडण आहे ते ही मर्यादा कोण आखतो, याच्याशी.

घटनेत ती आखलेली आहे. कलम १९(२) मध्ये मोजून आठ कारणं दिली आहेत: देशाची अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. मूळ यादी याहून आखूड होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आणि नंतर १९६३ मध्ये ती वाढली. पण वाढून वाढून आठच. आणखी कारणं त्यात घुसडता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. 'भावना' हा शब्द या यादीत नाही. ज्या २९५-अ वर सगळी भिस्त असायची, तेही न्यायालयाने १९५७ मध्ये टिकवलं ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि तेसुद्धा मुद्दाम व दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरतंच. रात्री साडेदहाला फिर्याद घेताना हेतू कोण तपासतो?

इथेच गोम आहे. कारण सुव्यवस्थेचं, आणि ती बिघडवणारा तर समोर उभा असतो, फिर्यादी म्हणून! जो जमाव मोठा आणू शकतो, त्याच्या हातात समोरच्याचं तोंड बंद करायची किल्ली. मोर्चाच्या किंवा दंग्याच्या धमकीला घाबरून बोलणाऱ्याला गप्प करता येणार नाही, त्याला संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात म्हटलं होतं. मी नोकरीत असताना या निकालाचं नावही ऐकलं नव्हतं. आम्हाला कवायत शिकवली, पंचनामा शिकवला, १९(२) कोणी शिकवलं नाही.

६६-अ तर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून कायमचं काढून टाकलं. त्या निकालात पोलिसाला उपयोगी पडेल अशी एक सोपी फोड आहे. एखाद्या विषयाची चर्चा करणं वेगळं, त्याची बाजू घेऊन प्रचार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन्हींना, कितीही झोंबलं तरी, हात लावायचा नाही. पण मेलेलं कलम आमच्याकडे सहजी मरत नाही. पुढे कितीतरी वर्षं ते देशभर फिर्यादीत येतच राहिलं, इतकं की २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा हुकूम काढावा लागला. याचं कारण फार खोल नाही. जुन्या फिर्यादीची फाईल उघडायची, नाव-गाव-तारीख बदलायची, प्रिंट मारायची. मीही तेच करायचो.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. ज्या टेबलाने त्या पोराला दोन रात्री आत ठेवलं, त्याच टेबलासमोरच्या मैदानात मी सभांचा बंदोबस्त केलाय. स्टेजवरून माईकवर सांगितलं जातं, अमक्यांच्या दुकानातून माल घेऊ नका, तमक्यांना गावात राहू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खाली पाच हजार लोक, आमचाच माणूस व्हिडिओ चित्रण करतोय. याला चिथावणी म्हणायचं नाही तर कशाला? पण दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरीत नोंद काय, तर 'सभा शांततेत पार पडली'. विचारलं तर उत्तर तयार असतं, तक्रारदार आला नाही. द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना दिलाय, तरीही. म्हणजे मोबाईलवर दोन ओळी लिहिणाऱ्याला मर्यादा, आणि माईकवाल्याला बंदोबस्त.

आता निदान सबब तरी उरलेली नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३(३) आहे. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकाची परवानगी घेऊन, गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. भावना दुखावल्याची नेहमीची कलमं यात बसतात. मार्च २०२५ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी गुजरातमधल्या एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सांगितलं की बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा तक्रारीत या चौकशीचा मार्ग धरणंच योग्य. शब्दांचा परिणाम मोजायचा तो विचारी, कणखर माणसाच्या मापाने, टीका झाली की हादरणाऱ्याच्या मापाने नाही, असंही ते म्हणाले. हे माप आपल्याच नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या तोंडावर घालून दिलेलं आहे. इतकी वर्षं ते निकालपत्रांत पडून राहिलं, ठाण्यापर्यंत पोचलं नाही.

चौदा दिवस म्हणजे किती असतात, हे ठाण्यात बसलेल्यालाच कळेल. तिसऱ्या दिवशी शंभरातले दहा उरतात. सातव्या दिवशी अध्यक्ष एकटा येतो, तोही चहा प्यायला. २०१३ मध्ये माझ्या हाताशी हे कलम असतं तर त्या रात्री मला साहेबांना सांगता आलं असतं, "अर्ज घेतलाय, चौकशीवर ठेवलाय, उपअधीक्षकांकडे पाठवतोय."

म्हणून गृहखात्याकडे आपल्यामार्फत एवढीच मागणी. असा अर्ज घेताना आक्षेपार्ह शब्द नेमके कोणते, ते अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावेत आणि मूळ मजकूर आपण स्वतः वाचल्याचं खाली सही करून सांगावं. अंमलदाराने मागितलंच पाहिजे असं परिपत्रक काढा. अर्धे अर्ज तिथेच परत जातील. परवानगी द्यायची की नाही हे उपअधीक्षकाने कागदावर लिहावं, फोनवर नको. आणि सभेच्या व्हिडिओ चित्रणाची सीडी कपाटात न ठेवता दुसऱ्या दिवशी कोणी पाहिली आणि काय ठरवलं, याची डायरीत नोंद व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

जाता जाता एक विनंती. पत्र छापलंत तर नाव छापू नये. मंडळाचे अध्यक्ष आता नगरसेवक आहेत आणि माझं घर त्यांच्याच वॉर्डात आहे.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, जि. कोल्हापूर